करंबळवाडीचं शून्य

घरी पावणं येणार असं कळलं की तुम्ही पहिल्यांदा काय लपवता? मोठ्यानं नका सांगू, मनातल्या मनात सांगा. कुणी फाटकी गादी पलंगाखाली सारतं, कुणी पिऊन पडलेल्या दिराला मागच्या खोलीत कोंडतं, कुणी मोरीतली भांडी पोत्याखाली झाकतं. आम्ही काहीच लपवत नाही असं जो म्हणेल तो खोटं बोलतोय.

जोतीरामनं गोचीड लपवले. जनावराच्या कानात, आचळाच्या बाजूला, शेपटीच्या बुडाशी चिकटून बसणारे आणि रक्त पिऊन एरंडीच्या बीएवढे फुगणारे गोचीड. हसू आलं असेल तर आत्ताच हसून घ्या.

जोतीराम कसबा बावड्याचा. साखर कारखान्याच्या रस्त्यावरून आत वळलं, की उसाच्या फडाला लागून त्याचा गोठा आहे. आता तिन्ही बाजूंनी नव्या इमारती उठल्यात आणि वरच्या गॅलरीतली माणसं शेणाच्या वासाला नाक धरतात, पण गोठा आहे तिथंच आहे. पाच म्हशी. दूध हा त्याचा धंदा, आणि म्हशी भादरणं ही त्याची कला. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी मिरवायला निघतात ना, शिंगं रंगवलेल्या, कपाळावर मोरपिसांचा तुरा, गळ्यात कवड्यांची माळ, एखाद्या हौशी मालकाची असेल तर पायात हुपरीहून घडवून आणलेले चांदीचे तोडे. त्यातल्या निम्म्या म्हशी जोतीरामच्या वस्तऱ्याखालनं गेलेल्या असतात. केस उतरवून, अंगाला तेल चोळून तो म्हस अशी काळी करतो की तिच्या पाठीत तोंड बघून भांग पाडावा.

भादरायला बसण्याआधी तो एक काम करायचा. म्हशीचे दोन्ही कान उलटे करून आतनं बोट फिरवायचा. गोचीड लागला की मालकाकडं नुसतं बघायचा. तेवढ्यानं मालक खाली मान घालायचा. कारण आमच्याकडं म्हशीला गोचीड असणं म्हणजे घराला लाज. ज्याच्या म्हशीवर गोचीड दिसला त्याला तोंडावर विचारतात, घरात बाईमाणूस न्हाय काय रे. जोतीराम तर सगळ्यांच्या वरताण. चौकात चारचौघांत त्यानं सांगून ठेवलेलं, माझ्या हाताखालच्या म्हशीवर एक गोचीड दाखवा आणि माझ्या मिशा उतरवून न्या. मिशा होत्याही तशा. पिळदार, टोकं वर वळवलेल्या.

तर अशा या माणसाच्या गोठ्यात, दिवाळी उरकल्यावर, अनुजा नावाची एक डॉक्टर आली. जनावरांची डॉक्टर, पण इंजेक्शन देणारी नव्हे, संशोधन करणारी. बरोबर झिशान, प्रयोगशाळेत काम करणारा चाळिशीचा माणूस. नळ्यांवर चिठ्ठ्या लावणं, वहीत नोंद करणं हे त्याचं काम, आणि येता जाता कुणाची तरी टोपी उडवणं ही त्याची सवय. दोघांना गोचीड ओळखणारा आणि जनावराला न बिथरवता धरणारा माणूस हवा होता. कुणीतरी जोतीरामचं नाव सांगितलं.

अनुजानं त्याला बादलीवर बसूनच सगळं समजावलं. रानात उंदीर-घुशी, खारी, वानरं यांचं रक्त पिऊन गोचीड वाढतात. त्यांच्यातल्या एखाद्याच्या रक्तात विषाणू असला की तो गोचिडात जातो, आणि गोचिडातून माणसात. घाटाखाली तळकोकणात या विषाणूचा माकडताप येऊन बरीच वर्षं झालेली, आधी वानरं मरायची आणि मग माणसं पडायची. डोकं फुटेल असा ताप, अंगदुखी, हिरड्यांतून रक्त, आणि काहीजणांचा मेंदूवर परिणाम. आता घाटावरच्या वाड्यांत तो चढलाय का, हे बघायचं होतं. गोठ्यातल्या जनावराला त्याचं काही होत नाही. ते बिचारं रानात चरतं आणि गोचीड अंगावर घेऊन घरी येतं. चौदा वाड्या निवडलेल्या. उंदरांसाठी सुकटीचा तुकडा लावून पिंजरे ठेवायचे, रानात पांढरं कापड जमिनीवरून ओढत न्यायचं म्हणजे भुकेले गोचीड त्याला चिकटतात, आणि गोठ्यातल्या जनावरांचे गोचीड चिमट्यानं काढून नळीत भरायचे. ज्या वाडीच्या गोचिडांत विषाणू सापडेल तिथं पहिल्यांदा माणसं जाणार. अंगाला चोळायचं औषध वाटणार, तापाच्या प्रत्येक रोग्याचं रक्त तपासणार.

तिनं त्याला रबराचे हातमोजे दिले. तो हसला. तीस वर्षं नखानं काढतोय, त्याला काय हातमोजे. पण मॅडमसमोर घातले. चिमटा कातडीला टेकवून सरळ, सावकाश ओढायचा, हे तो दहा मिनिटांत शिकला. जाताना अनुजा म्हणाली, "एक लक्षात ठेवा काका. मला स्वच्छ गोठा नकोय. मला जसा आहे तसा गोठा पाहिजे."

जोतीरामनं मान डोलावली. मान डोलावण्याला काय लागतं.

पुढच्या दहाएक दिवसांत त्यांनी पाच वाड्या केल्या. जोतीराम मजेत होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणी शिकलेलं माणूस त्याला विचारत होतं, हा कुठल्या जातीचा गोचीड असेल काका, आणि तो सांगत होता. मग एका सकाळी झिशाननं पुढच्या गावांची यादी वाचली आणि त्यात नाव आलं, करंबळवाडी.

चंदगडच्या जंगलाला टेकलेली, तीस-बत्तीस उंबऱ्यांची वाडी. तिथं जोतीरामची थोरली बहीण दिलेली. बयाबाई तिचं नाव, पण त्याच्यासाठी आक्का. आई लवकर गेली तेव्हा आक्कानं त्याला वाढवलेला. बापानं तिलाच पहिल्यांदा म्हशी धुवायला शिकवलं आणि तिनं त्याला.

जोतीराम लगेच फुगला. म्हणाला, ती आमच्या आक्काची वाडी. तिथं काय गोचीड गावणार न्हाय तुम्हाला. झिशान कशाला सोडतोय. तो म्हणाला, मग जायचंच कशाला, गाडी इथंच वळवू की. की उगं बहिणीची वट दाखवताय? गावला एक तरी गोचीड, तर चहा तुमचा. न्हाय गावला तर माझा. अनुजा पुढच्या सीटवर कुणाशी तरी फोनवर बोलत होती. तिनं हे ऐकलं नाही. ऐकलं असतं तर कदाचित पुढचं सगळं टळलं असतं. पण असल्या "असतं"वर जगता येत नाही.

त्याच संध्याकाळी त्यानं आक्काला फोन लावला. "परवा सायब लोकं येणार हाईत गोठं बघायला. माझ्याबरूबर येणार. माझ्या तोंडाला काळं फासू नगंस, आक्का. तुझ्या एकटीच्या न्हाय, साऱ्या वाडीच्या म्हशी बघणार हाईत."

आक्का एवढंच म्हणाली, "तू ये तर."

तिनं काय केलं ते त्याला नंतर कळलं, तुकड्यातुकड्यानं. तिनं दारोदार जाऊन सांगितलं की माझा भाऊ कोल्हापूरची मोठी माणसं घेऊन येतोय, वाडीची शोभा करू नका. पंधरा घरांत जनावरं होती. दोन दिवस कुणी रानात गेलं नाही. बाया म्हशींना ओढ्यावर नेऊन घासत होत्या आणि मग ओळीनं बसून गोचीड वेचत होत्या. उघड्या हातानं. चिमट्यात धरून ओढायला चिमटा कुणाकडं होता? गोचीड बुडवून मारायला रॉकेल तर आता मिळतच नाही, तेव्हा वेचलेला गोचीड दगडावर ठेवायचा आणि अंगठ्याच्या नखानं फोडायचा. आक्काच्या नखांत दोन दिवस रक्त सुकलेलं होतं. म्हशीचं रक्त. गोठ्याच्या भोवतीचा पालापाचोळाही पेटवून दिला. वर सडा घालून गोठ्याच्या दारात रांगोळी काढली.

गाडी वाडीत शिरली तेव्हा जोतीरामचा ऊर भरून आला. तो आधी उतरला आणि मागं न बघता चालत सुटला, नवरदेव मांडवात जावा तसा.

अनुजानं तेवीस जनावरं तपासली. कान, मान, कास, शेपूट. काही नाही. झिशान वहीत शून्यावर शून्य काढत होता. अठराव्या-एकोणिसाव्या म्हशीपाशी ती थांबली. कानाच्या आत बारीक बारीक ठिपके, वर ओली खपली. तिनं बॅटरी लावून परत बघितलं आणि विचारलं, "काका, हे ताजं दिसतंय. कुणी गोचीड काढलेत का?"

ती आक्काची म्हस होती. आक्का दोन हातांच्या अंतरावर, पदर डोक्यावर घेऊन उभी. जोतीराम वाकला, कानात बोट घातलं. बोटाखाली त्याला सगळं कळलं. असले ठिपके तो डोळे मिटून ओळखतो. काल नाहीतर परवा काढलेले, एका कानातनं सात-आठ तरी.

तो म्हणाला, "गोमाशी चावलीया, मॅडम."

गोठ्यात सगळ्यात जास्त जनावराचं कळणारा माणूस बोलला होता. अनुजानं बॅटरी बंद केली.

कापड ओढायचं राहिलं होतं. तिनं जनावरं कुठं चरतात ते विचारलं. खरी चराई डोंगराच्या काजूच्या उतारावर, काटेरी, ओली, चढाची. पण आक्कानं कोंबडा शिजवला होता, भाकरी गार होत होत्या, बाया ताटं मांडून बसल्या होत्या. जोतीरामनं त्यांना देवळाकडच्या झाडलेल्या वाटेवरनं नेलं. तिथला पाला दोन दिवसांपूर्वीच जाळलेला. कापड नेलं तसं पांढरं परत आलं. आल्या आल्या लावलेल्या पिंजऱ्यांत दोन उंदीर मिळाले, त्यांच्या अंगावरही काही नव्हतं.

जेवणं झाली. आक्कानं अनुजाची ओटी भरली. निघताना तिनं भावाकडं बघून नुसत्या भुवया उडवल्या, आणि जोतीरामनं मिशीवरनं बोट फिरवलं.

गाडीत बसल्यावर त्याला एकदा वाटलं, सांगावं. अगदी जिभेवर आलं. पण झिशान पैज हरला होता, त्यानं गडहिंग्लजला गाडी थांबवून चहा पाजला आणि म्हणाला, मानलं पाव्हणं तुमच्या आक्काला. तो चहा जोतीराम प्यायला. त्या चहाची चव अजून जात नाही म्हणतो.

शून्याची बातमी वाडीला समजली, आणि बाजारात करंबळवाडीची माणसं कॉलर ताठ करून फिरायला लागली. शेजारच्या दोन वाड्यांत विषाणूचे गोचीड सापडले होते, तिथं औषध वाटलं, रक्त तपासलं, भिंतीवर सूचना लागल्या. करंबळवाडीला कुणी फिरकलं नाही. कशाला फिरकेल? आणि आता आलेलं नाव टिकवायला नको? दर सोमवारी आक्का बायांना गोळा करायची आणि म्हशी वेचायला बसवायची. उघड्या हातानं, दगडावर, नखानं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आक्काला ताप भरला. गावातल्या गोळ्यांनी उतरला नाही. चौथ्या दिवशी भाच्यानं तिला गाडी करून कोल्हापूरच्या एका दवाखान्यात आणलं. डोकं धरून ती नुसती कण्हत होती, डोळे लालभडक. डेंगीची तपासणी केली, नाही निघाला. टायफॉइडही नाही. तेव्हा डॉक्टरनं जोतीरामला बाजूला घेतलं. तरुण होता, पण हुशार. त्यानं विचारलं, पेशंट कुठल्या भागातली? जंगल आहे का जवळ? गोचीड, मेलेली माकडं, असं काही?

इथं जोतीरामला सगळं सांगता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. पण समोर डॉक्टर, मागं भाचा, भाच्याच्या मागं वाडीतली चार माणसं. तो म्हणाला, "तिथं रीतसर पाहणी झालीया, डॉक्टर. मी सोता हुतो. एक गोचीड घावला न्हाय."

डॉक्टरनं पाहणीची यादी मागवून बघितली. शून्य लिहिलेलं होतं. त्यानं तो विचार बाजूला ठेवला.

आपण काढलेलं शून्य आपल्याच बहिणीच्या उशाशी वाचून दाखवलं, हे जोतीरामला त्या क्षणी कळलं नव्हतं असं समजू नका. कळलं होतं. म्हणून तर तो तीन दिवस दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिला आणि आत जायला तोंड शोधत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीतनं बाळासोचा फोन आला. बाळासो म्हणजे आक्काचा शेजारी, पन्नाशीचा, हाडानं काटक. त्यानं आक्काची चौकशी केली आणि म्हणाला की काजू पडायला लागलेत, आज उताराला चाललोय, तुझ्या आक्काच्याबी झाडांखालचं गोळा करून ठेवतो, काळजी करू नगंस. जोतीराम म्हणाला, बरं. बरं म्हणाला आणि फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो आत गेला. आक्का शुद्धीत नव्हती, पण तिचे हात चालू होते. डाव्या हातानं ती चादरीवरनं काहीतरी उचलायची, ते पलंगाच्या लोखंडी पट्टीवर ठेवायची आणि उजव्या अंगठ्याचं नख दाबायची. परत उचलायची. परत ठेवायची. परत नख. नर्स म्हणाली, तापात करतात असं काही जण, हवेतलं वेचतात.

आक्का हवेतलं वेचत नव्हती. ती भावाची अब्रू वेचत होती.

तो बाहेर आला आणि भिंतीला टेकून त्यानं अनुजाला फोन लावला. दोनदा भलतीकडंच लागला.

"मॅडम, करंबळवाडीचं शून्य खोटं हाय. मीच फोन करून गोचीड काढून घ्यायला लावलं. ती गोमाशी नव्हती. काजूच्या उतारावर मी तुमाला नेलंच न्हाय."

तो शिव्यांची वाट बघत होता. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, "या दोन दिवसांत त्या उतारावर कोण कोण गेलंय, माहीत आहे तुम्हाला?"

त्याला माहीत होतं.

मग भराभर झालं. आक्काचं रक्त पुण्याला गेलं आणि माकडताप म्हणून परत आलं. त्या तरुण डॉक्टरनं कागद हातात धरून जोतीरामला विचारलं, "तुम्ही स्वतः होता म्हणाला होता ना?" एवढंच. आवाज चढवला नाही. बावड्याच्या चौकात वाकड्या नजरेनं बघणाऱ्याच्या अंगावर धावून जाणारा जोतीराम तिथं फरशीचे टवके मोजत उभा राहिला. या तापावर नेमकं औषध नाही, डॉक्टरनं सांगितलं. पाणी, सलाइन, रक्तस्राव होतोय का त्यावर नजर, एवढंच हातात. पण काय आहे ते माहीत असलं की नजर कुठं ठेवायची ते कळतं. ते तीन दिवस आम्ही अंधारात चाचपडलो, तो म्हणाला.

पथक वाडीत गेलं तेव्हा जोतीराम पुढं नाही, मागं चालत होता. काजूच्या उतारावर कापड पन्नास पावलं ओढलं आणि उलटं केलं. त्यावर खसखस सांडल्यासारखे तपकिरी ठिपके, आणि ते चालत होते. झिशाननं नळी उघडली, चिठ्ठी लावली. तो दिवसभरात एक शब्द चेष्टेचा बोलला नाही. बाळासोला त्याआधीच ताप भरलेला होता.

बाळासो तापाच्या नवव्या दिवशी गेला. रक्तस्राव थांबला नाही.

जोतीरामनं अनुजाला विचारलं होतं, मी आधी बोललो असतो तर? ती खोटं बोलणारी बाई नव्हे. तिनं सांगितलं, "ते वाचले असते असं मी म्हणू शकत नाही. नसते वाचले असंही म्हणू शकत नाही. तो गोचीड त्या तीन दिवसांत चावला की आधी, हे कुठलीच प्रयोगशाळा सांगणार नाही." या उत्तराखाली माणसानं कसं झोपायचं ते तुम्हीच बघा.

आक्का वाचली. महिन्यानं घरी आली, पण हात कापतात. धार काढायला बसली की अर्धं दूध भांड्याबाहेर जातं. जोतीराम तिच्या पायाशी बसून रडला तेव्हा ती म्हणाली, "तू सांगितलंस म्हणून केलं असं समजू नगंस. मलाबी लाज वाटत हुती. पण एक इचारते जोत्या. दवाखान्यात तुला कुणाची लाज वाटली रं? मी तर मरायला टेकलेली की."

जोतीराम उठला आणि तिच्या म्हशीची धार काढायला बसला.

एप्रिलमध्ये देवळासमोर वाडी जमली. अंगाला चोळायचं औषध वाटायचं होतं, हातमोजे आणि चिमटे द्यायचे होते. अनुजा बोलायला उठणार तेवढ्यात जोतीराम उभा राहिला. वाडीला वाटत होतं पथकाकडनंच काहीतरी चुकलं असेल. तशी कुजबुज होती आणि जोतीरामला ती सोयीची होती. तो म्हणाला की पथकाचं काही चुकलं नाही. मग फोनपासून सुरुवात करून सगळं सांगितलं. गोमाशी, देवळाची वाट, गडहिंग्लजचा चहा, डॉक्टरला दिलेलं उत्तर. काही गाळलं नाही.

पुढच्याच ओळीत बनाबाई बसलेली. बाळासोची बायको. तिनं मान वर केली.

"आमच्या मालकानं तुला सकाळी फोन केलता. काजूला चाललोय म्हणून. तवा तुला ठावं हुतं?"

"व्हय," जोतीराम म्हणाला.

ती उठली आणि घराकडं चालायला लागली. कुणी तिला अडवलं नाही. सगळ्यांना वाटलं गेली. पण ती परत आली, म्हस ओढत. बाळासो गेल्यापासून त्या म्हशीला कुणी हात लावला नव्हता. अंगावर शेणाचे पापुद्रे, कान जड झाल्यासारखे खाली. तिनं म्हस बरोबर देवळासमोर, साऱ्या वाडीच्या मधोमध उभी केली.

"माझी म्हस घाण हाय. बघा सगळी. आणि तू काढ. मोजून काढ."

जोतीरामनं हातमोजे घातले. चिमटा घेतला. म्हशीचा कान उलटा करून कातडीला चिमटा टेकवला, सरळ, सावकाश. एक. झिशाननं नळी पुढं धरली. दोन. बाया-गडी उठून जवळ आले, पण कुणी नाकाला पदर लावला नाही. उन्हं डोक्यावर आली तरी तो वाकलेलाच होता. एकेचाळीस निघाले. झिशाननं वहीत करंबळवाडीच्या शून्यावर रेघ मारली आणि पुढं एकेचाळीस लिहिलं. बनाबाईनं दोरी हातात घेतली आणि म्हस घेऊन गेली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. अजूनही म्हटलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बावड्यात येऊन जोतीरामनं म्हशी भादरायचा वस्तरा घेतला आणि स्वतःच्या मिशा उतरवल्या. गोचीड दाखवला की मिशा, असा शब्द दिला होता. एकेचाळीस दाखवून झाले होते. मिशा काढलेला माणूस दिसला की आपल्याकडं लोक विचारतात, कोण गेलं? त्यालाही विचारतात. तो सांगतो, करंबळवाडीचा बाळासो. नात्यानं कोण लागायचा, असं पुढचा विचारतो, आणि मग जोतीराम त्याला उभ्या उभ्या सगळं सांगतो. चौकात, दूध घालताना, उसाच्या गाडीखाली बसलेल्याला, कुणालाही. मिशा परत वाढल्या की परत काढतो. लोक आता त्याला टाळतात. म्हशी भादरायला पूर्वीच्या निम्म्याही येत नाहीत, कारण आता तो मालकाकडं बघत नाही. आधी हातमोजे घालतो, आणि किती निघाले ते मोठ्यानं सांगतो.

म्हणून एवढं करा. तुमच्या दारात चिमटे आणि नळ्या घेऊन कुणी आलं तर सडा घालू नका, रांगोळी काढू नका, म्हस धुवू नका. आहे तशी दाखवा. गोचीड उघड्या हातानं काढू नका, नखानं फोडू नका. रानात वानर मेलेलं दिसलं तर हात न लावता कळवा. आणि घरचं माणूस तापानं पडलं, डॉक्टरनं विचारलं की कुठं गेला होता, काय चावलं, तर मागं कोण उभं आहे ते बघू नका. पहिल्या दिवशी, पहिल्या प्रश्नाला, खरं काय ते सांगा.